क्रिस्टन न्यूगोर

क्रिस्टन न्यूगोर (जन्म : ओस्लो, नॉर्वे, २७ ऑगस्ट १९२६; मृत्यू : ओस्लो, १० ऑगस्ट २००२) हे नॉर्वेचे गणितज्ञ, संगणकशास्त्रज्ञ आणि राजकीय कार्यकर्ते होते. उले-योहान डाल या सहकाऱ्यासमवेत त्यांनी सिम्युला ही संगणकभाषा रचली. आज ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आज्ञावली-लेखन पद्धतीच्या मूळ संकल्पना प्रथम याच भाषेत आकाराला आल्या. वेबसाठी वापरल्या जाणाऱ्या जावास्क्रिप्ट, पीएचपी यांसारख्या भाषांतील वर्ग व वस्तू या कल्पनांचे कूळ शोधत गेल्यास ते सिम्युलापाशी पोहोचते. न्यूगोर यांचे आडनाव इंग्रजी वळणाने ‘नायगार्ड’ असेही लिहिले जाते.

या पद्धतीला मराठीत काही ठिकाणी ‘वस्तुनिष्ठ’ असे म्हटले जाते. परंतु त्या शब्दाचा रूढ अर्थ ‘व्यक्तिनिरपेक्ष’ असा असल्याने या लेखात ‘वस्तुकेंद्री’ हा शब्द योजला आहे.

सुरुवातीची वर्षे

न्यूगोर यांचा जन्म व शिक्षण नॉर्वेत झाले. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. १९४८ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेसाठी त्यांची नेमणूक नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेत झाली. सेवेची मुदत संपल्यावरही ते तेथेच राहिले आणि एकूण बारा वर्षे त्यांनी त्या संस्थेत काढली. तेथे त्यांना यान गारविक यांचे मार्गदर्शन लाभले. गारविक हे नॉर्वेमधील संगणकशास्त्राचे आद्य प्रवर्तक मानले जातात.

त्या काळी संस्थेत आजच्या अर्थाने संगणक नव्हता. आकडेमोड माणसे करीत व त्यांच्या मदतीला हाताने चालवायची गणनयंत्रे असत. नॉर्वेची पहिली अणुभट्टी शेलर येथे उभी राहत होती व १९५१ मध्ये ती कार्यान्वित झाली. तिच्यासाठी न्यूट्रॉनांच्या शोषणाचे गणित सोडवायचे होते. रूढ पद्धतीने केलेली प्रदीर्घ आकडेमोड पुरेशी पडेना, तेव्हा १९५० मध्ये न्यूगोर यांनी मॉन्टे कार्लो पद्धतीचा अवलंब केला. या पद्धतीत एकेका कणाचा काल्पनिक प्रवास यदृच्छ अंकांच्या साहाय्याने पावलापावलाने मांडतात. अशा असंख्य प्रवासांच्या नोंदींवरून एकूण निष्कर्ष काढला जातो. हे सारे काम हातानेच झाले.

त्यांच्या पुढील कार्याची दिशा समजण्यासाठी ही घटना महत्त्वाची आहे. समीकरण सोडवताना गणिती एका सूत्रात सारे बांधू पाहतो. येथे मात्र प्रत्येक कणाला स्वतःचा आरंभ, स्वतःची वाटचाल व स्वतःचा शेवट होता. अनेक स्वतंत्र घटकांचे वर्तन व त्यांचे परस्परसंबंध मांडणे म्हणजे प्रश्नाचे वर्णन करणे, ही दृष्टी त्यांना संगणकभाषा रचण्यापूर्वीच लाभली होती.

१९५२ पासून ते संक्रियात्मक संशोधनाकडे वळले. वाहतूक, साठवण, रांगा, दुरुस्ती, मनुष्यबळ अशा प्रश्नांचा गणिती अभ्यास करणारी ही शाखा युद्धकाळात बहराला आली होती. १९५७ ते १९६० या काळात ते संस्थेतील या विभागाचे प्रमुख होते. १९५६ मध्ये त्यांनी ओस्लो विद्यापीठातून गणितात पदव्युत्तर पदवी घेतली व प्रबंधासाठी मॉन्टे कार्लो पद्धतीच्या सैद्धान्तिक बाजू हाच विषय निवडला. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या नॉर्वेच्या संक्रियात्मक संशोधन संघटनेचे ते सहसंस्थापक व पहिले अध्यक्ष होते. १९५१ मध्ये त्यांचा योहाना यांच्याशी विवाह झाला. त्यांना तीन अपत्ये झाली.

सिम्युलाची निर्मिती

१९६० मध्ये न्यूगोर नॉर्वेजियन संगणन केंद्रात आले व १९६२ मध्ये तेथील संशोधन संचालक झाले. यंत्राच्या सांकेतिक भाषेत प्रत्येक प्रश्नासाठी नव्याने आज्ञावली लिहिण्याच्या खटाटोपाला ते कंटाळले होते. कारखान्यातील रांग, बंदरातील जहाजे, कार्यालयातील कागदपत्रे यांचे वर्णन एकाच सामाईक परिभाषेत करता यावे आणि तेच वर्णन संगणकालाही समजावे, अशी भाषा त्यांना हवी होती. फ्रान्समधील संक्रियात्मक संशोधक शार्ल साल्झमान यांना ५ जानेवारी १९६२ रोजी लिहिलेल्या पत्रात त्यांनी या कल्पनेचा उल्लेख केला. सिम्युलाचा हा पहिला लेखी उल्लेख समजला जातो.

परिभाषा सुचली तरी ती यंत्रावर उतरवणे हे वेगळे कौशल्य होते, आणि ते उले-योहान डाल (१९३१–२००२) यांच्याकडे होते. डाल १९५२ पासून संरक्षण संशोधन संस्थेत होते. तेथील फेरांटी मर्क्युरी संगणकासाठी त्यांनी एक उच्चस्तरीय भाषा तयार केली होती. १९६३ मध्ये तेही संगणन केंद्रात आले. दोघांचे स्वभाव भिन्न होते. न्यूगोर भव्य कल्पना मांडीत, मोठ्याने बोलत व वाद ओढवून घेत. डाल मितभाषी होते व अनावश्यक ते सारे छाटून टाकीत. केंद्रात नव्याने आलेली एक कर्मचारी एकदा धावतच खाली आली आणि वरच्या मजल्यावर फळ्यापुढे दोन माणसे हातघाईवर आल्याचे तिने सांगितले. दूरध्वनी चालविणाऱ्या बाईंनी क्षणभर कान देऊन तिला शांत केले. ते दोघे नेहमीप्रमाणे सिम्युलावर चर्चा करीत होते.

प्रकल्पाला निधी देणाऱ्या वर्तुळात मात्र शंकाच अधिक होत्या. कोणी म्हणे, अशा भाषेचा उपयोगच नाही. कोणी म्हणे, उपयोग आहे, पण हे काम आधीच झालेले आहे. या दोघांची कल्पना पुरेशी चांगली नाही व त्यांची तेवढी पात्रताही नाही, असेही आक्षेप होते. शेवटचा आक्षेप सर्वांत बोचरा होता : अशी कामे साधनसंपन्न मोठ्या देशांनी करावीत, नॉर्वेसारख्या छोट्या देशाने त्यात पडू नये. हे आक्षेप परस्परांना छेद देणारे आहेत, हे वाचकाच्या लक्षात येईलच. १९६० मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा टिफ्रॅक संगणक कार्यान्वित झाला होता. त्या काळच्या आपल्याकडील संशोधकांनाही अशा युक्तिवादाची धार परिचयाची वाटली असती.

मार्ग निघाला तो एका व्यवहारातून. १९६२ मध्ये न्यूगोर अमेरिकेला गेले असता युनिव्हॅक कंपनीशी बोलणी झाली. कंपनीने आपला ११०७ हा संगणक संगणन केंद्राला मोठ्या सवलतीत द्यावा व केंद्राने त्या बदल्यात सिम्युलाचा संकलक, म्हणजे ती भाषा यंत्राच्या भाषेत उतरवणारी आज्ञावली, करून द्यावा, असे ठरले. ऑगस्ट १९६३ मध्ये यंत्र ओस्लोत आले. जानेवारी १९६५ पर्यंत सिम्युलाची पहिली आवृत्ती वापरण्याजोगी झाली.

ही भाषा अल्गोल ६० या तत्कालीन प्रतिष्ठित भाषेवर उभी होती. अल्गोलमध्ये आज्ञावलीचे खंड एकमेकांवर रचलेल्या ताटांच्या चळतीप्रमाणे असतात. जो शेवटी येतो तो आधी जातो आणि जाताना आपली सारी माहिती पुसून जातो. हिशेबाला हे सोयीचे असले तरी रांगेतील माणसाला ते लागू पडत नाही. ग्राहक येतो, थांबतो, खिडकीवरच्या कारकुनाशी त्याची गाठ पडते आणि तो निघून जातो. कारकून मात्र तेथेच असतो. त्यांच्या आयुष्यमर्यादा एकमेकींत गुंतलेल्या असतात, चळतीसारख्या नसतात. डाल यांनी स्मृतिसाठ्याची व्यवस्था मुळापासून बदलून या अडचणीतून वाट काढली. त्यामुळे आज्ञावलीतील एखादा खंड आपले काम थांबवून, आपली माहिती सांभाळून, पुन्हा बोलावले जाईपर्यंत जिवंत राहू शकला. वस्तुकेंद्री पद्धतीचे बीज या तांत्रिक बदलात आहे.

वर्ग आणि वस्तू : सिम्युला ६७

पहिल्या आवृत्तीत ‘क्रिया’ व ‘प्रक्रिया’ अशा अर्थाच्या संज्ञा होत्या व भाषा मुख्यतः प्रतिरूपणासाठी होती. वापर वाढला तसे एक सत्य समोर आले. वेगवेगळ्या घटकांत बरेचसे सारखे असते, तरी प्रत्येकासाठी सारे पुन्हा लिहावे लागते. टोनी होअर यांनी नोंदींच्या हाताळणीविषयी मांडलेल्या विचारांचा येथे उपयोग झाला, परंतु तेवढ्याने प्रश्न सुटला नाही.

दोघे ज्या उदाहरणाशी झगडत होते ते अगदी साधे होते. एक पूल आहे, त्यावर पथकर नाका आहे व नाक्यापुढे मालमोटारी आणि बसगाड्यांची रांग आहे. खानदेशातील वाचकाने रावेर-सावद्याकडून केळी घेऊन निघालेल्या ट्रकांच्या रांगेत एस.टी.च्या बसगाड्या अडकल्याचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. रांगेला गाडीत माल आहे की प्रवासी, याच्याशी कर्तव्य नसते. तिला फक्त पुढचा कोण व मागचा कोण एवढेच ठाऊक असावे लागते. नाक्याला ‘वाहन’ कळले म्हणजे पुरे. ट्रकला भार असतो, बसला आसने असतात, पण वाहन म्हणून दोहोंचे बरेच काही समान असते. डिसेंबर १९६६ मध्ये त्यांना उत्तर सापडले : समान भाग एका वर्गात एकदाच लिहावा व तो दुसऱ्या वर्गाच्या आधी उपसर्गासारखा जोडावा. अशा रीतीने ‘वाहन’ या वर्गाचे ‘ट्रक’ व ‘बस’ हे उपवर्ग झाले. आज याला वारसा असे म्हणतात. उपसर्ग ही उपमा मात्र मराठीच्या शिक्षकाला अधिक जवळची वाटते.

मे १९६७ मध्ये ओस्लोजवळच्या लिसेबू येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी हा विचार निबंधरूपाने मांडला. ‘क्रिया’ व ‘प्रक्रिया’ ही नावे मागे पडून ‘क्लास’ व ‘ऑब्जेक्ट’ ही नावे आली. हा बदल केवळ शब्दांचा नव्हता. जुन्या भाषांत आज्ञावलीचा कणा क्रियापद असे : हे वाच, ते मिळव, येथे लिही. नव्या भाषेत नामाला प्राधान्य आले. वर्ग हे जणू सामान्यनाम व वस्तू हे विशेषनाम. क्रिया स्वतंत्र न राहता त्या-त्या नामाच्या आश्रयाला गेली. उपवर्गाने मूळ वर्गातील क्रिया आपल्या परीने बदलून घेण्याची सोयही त्याच वर्षी भाषेत आली.

प्रसार आणि वेबच्या भाषा

सिम्युलाचा प्रत्यक्ष वापर मर्यादितच राहिला. संकलक महाग होते आणि भाषा छोट्या देशातील होती. तिचा प्रभाव पसरला तो तिच्या वाचकांमुळे. युटा विद्यापीठात १९६६ मध्ये ॲलन के यांच्या हाती सिम्युलाच्या आज्ञावलीची लांबलचक छापील गुंडाळी आली. आरंभी ती त्यांना अल्गोलचे विचित्र रूप वाटली, परंतु तिच्यात काय दडले आहे हे उमगल्यावर त्यांच्या विचारांना वेगळे वळण लागले. पुढे त्यांच्या पुढाकाराने स्मॉलटॉक ही भाषा झाली. डेन्मार्कचे बियार्ने स्ट्राउस्त्रुप यांनी केंब्रिजमध्ये संशोधन करताना सिम्युला वापरली होती. तिच्यातील वर्ग त्यांनी १९७९ पासून सी भाषेत आणण्यास आरंभ केला व त्यातून सी++ जन्मली. जावा (१९९५) हे त्याच वंशातील पुढचे नाव होय.

वेबवरील दोन प्रमुख भाषाही १९९५ च्याच आहेत. त्यांपैकी ब्रेंडन आइक यांच्या जावास्क्रिप्टमध्ये वस्तू होत्या, पण वर्ग नव्हते. सेल्फ नावाच्या भाषेवरून घेतलेल्या पद्धतीनुसार तेथे एक वस्तू दुसऱ्या वस्तूला आदर्श मानून तिच्याकडून गुण घेते. ‘क्लास’ हा शब्द त्या भाषेत वापरात आला २०१५ मध्ये, आणि तोही आतील जुनी रचना तशीच ठेवून. रास्मुस लेरडॉर्फ यांच्या पीएचपीमध्ये आरंभी वर्ग नव्हते. ते पुढे आले, तरी वस्तू एका चलातून दुसऱ्यात ठेवली की तिची नक्कल होई. वस्तूची ओळख खऱ्या अर्थाने टिकू लागली ती २००४ च्या पाचव्या आवृत्तीपासून.

खानदेशातील महाविद्यालयांतून संगणक शिकणारे अनेक विद्यार्थी प्रथम सी भाषा शिकतात, मग सी++ किंवा जावा, आणि नंतर वेबच्या भाषांकडे वळतात. अशा विद्यार्थ्याला व्याकरण नवे वाटत नाही. अट, फेरा, फलन हे सारे त्याला येत असते. तो अडखळतो तो वेगळ्याच ठिकाणी. ‘हे’ या अर्थाचा ‘धिस’ हा शब्द जावामध्ये नेहमी ज्या वस्तूची पद्धत चालू आहे त्या वस्तूकडे बोट दाखवतो. जावास्क्रिप्टमध्ये मात्र सामान्यतः फलन कोणी व कसे बोलावले यावर त्याचा अर्थ ठरतो. दर्शक सर्वनामाचा अर्थ संदर्भावाचून लागत नाही, हे मराठीच्या तासाला सांगितलेले येथे आठवावे. दुसरी अडचण अधिक खोल आहे. सी शिकून आलेला विद्यार्थी वर्ग लिहितो, पण सगळी फलने एकाच पेटीत भरून तिला वर्ग म्हणतो. शब्द नवे येतात, विचार जुनाच राहतो. ‘क्लास’, ‘न्यू’, ‘धिस’ हे तिन्ही शब्द सिम्युला ६७ मध्ये होते, त्या अर्थी वेबची भाषा शिकणारा विद्यार्थी नकळत ओस्लोचीच परिभाषा टंकत असतो.

कामगार संघटनांसमवेत

सिम्युलाने कारखान्याचे कामकाज कागदावर स्पष्ट मांडता येऊ लागले, तेव्हा न्यूगोर यांच्यापुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. हे वर्णन कोणाच्या हाती राहणार? व्यवस्थापनाकडे संगणक व तज्ज्ञ होते. ज्यांच्या कामाचे वर्णन होत होते, त्यांच्याकडे यांपैकी काहीच नव्हते. भाषेची कीर्ती वाढत असताना तिच्या निर्मात्याने स्वतःच्या साधनाविषयी अशी शंका घ्यावी, हे विरळा होय.

१९७० च्या सुमारास त्यांनी नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगार संघटनेसमवेत एक संशोधन प्रकल्प आखला व तो १९७३ पर्यंत चालला. आरंभी तज्ज्ञांनी अहवाल लिहावेत अशी नेहमीची रीत होती. लवकरच न्यूगोर व त्यांचे सहकारी यांना ती निरुपयोगी वाटली. अहवालाची पाने वाढत, पण कामगाराचे बळ वाढत नसे. मग त्यांनी प्रकल्पाची व्याख्याच बदलली. कामगारांच्या स्थानिक संघटना जे स्वतः शिकतील व त्यातून जे करतील तोच प्रकल्पाचा निष्कर्ष, असे ठरले. कारखान्यांत अभ्यासगट झाले व कामगारांसाठी संगणन आणि नियोजन यांवर पाठ्यपुस्तके लिहिली गेली.

या कामाचा परिणाम दूरवर झाला. १९७५ मध्ये कामगार महासंघ व मालकांची संघटना यांच्यात संगणकप्रणालींविषयी देशव्यापी करार झाला. १९७७ च्या कार्यपरिसर कायद्याने नियोजन व नियंत्रण प्रणालींची माहिती मिळण्याचा आणि त्यांच्या आखणीत सहभागी होण्याचा हक्क कामगारांना दिला. वापरणाऱ्याला सोबत घेऊन प्रणाली रचण्याची जी पद्धत स्कँडिनेव्हियन परंपरा म्हणून ओळखली जाते, तिचा आरंभ याच प्रकल्पापासून मानतात.

अध्यापन व राजकारण

१९७५-७६ मध्ये ते डेन्मार्कमधील ऑर्हुस विद्यापीठात प्राध्यापक होते व त्यानंतर ओस्लो विद्यापीठात शिकवू लागले. १९८४ ते १९९६ या काळात ते तेथे पूर्णवेळ प्राध्यापक होते. माणसांनी प्रणालीचे वर्णन करावे यासाठी डेल्टा ही भाषा त्यांनी सहकाऱ्यांसह रचली. डेन्मार्कमधील सहकाऱ्यांबरोबर १९७६ पासून बीटा या भाषेचे काम सुरू झाले. वर्ग व फलन या दोन्ही कल्पना एकाच रचनेत सामावणारी ही भाषा विद्वानांत आदराला पात्र ठरली, व्यवहारात मात्र फारशी रुजली नाही.

राजकारणात ते साठच्या दशकात उदारमतवादी वेन्स्त्रे पक्षाच्या कार्यकारिणीत होते. १९७१ ते २००१ या काळात ते मजूर पक्षाचे सदस्य होते. १९७२ च्या सार्वमतात युरोपीय समुदायातील प्रवेशाला विरोध करणाऱ्या युवक संघटनांचे समन्वयन त्यांनी केले. त्यानंतर १९८८ ते १९९५ या काळात ते प्रवेशविरोधी चळवळीचे अध्यक्ष होते. त्या वेळी पंतप्रधानपदी मजूर पक्षाच्याच ग्रू हार्लेम ब्रुन्टलान होत्या व त्या प्रवेशाच्या बाजूने होत्या, म्हणजे न्यूगोर आपल्याच पक्षनेतृत्वाविरुद्ध उभे होते. सुमारे ४३ लाख लोकसंख्येच्या देशात त्यांच्या संघटनेची सदस्यसंख्या १,४५,००० पर्यंत पोहोचली. २८ नोव्हेंबर १९९४ च्या सार्वमतात ५२.२ टक्के मतदारांनी प्रवेश नाकारला. देशात अनेकांना ते संगणकशास्त्रज्ञ म्हणून नव्हे, तर या चळवळीचे नेते म्हणूनच ठाऊक होते.

अखेरचा प्रकल्प

वस्तुकेंद्री पद्धत जगभर शिकवली जाऊ लागली तरी ती ज्या रीतीने शिकवली जाते, ती न्यूगोर यांना मान्य नव्हती. विद्यार्थ्याला आधी सुट्या आज्ञा, मग फलने आणि अखेरीस वर्ग असे क्रमाने शिकवले, तर वर्ग ही जुन्या घराला जोडलेली पडवी ठरते, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. आरंभच पुरेशा गुंतागुंतीच्या, पण ओळखीच्या दृश्यापासून करावा, असे त्यांचे मत होते. त्यासाठी ते उपाहारगृहाचे उदाहरण देत. ग्राहक, वाढपी, स्वयंपाकी प्रत्येक जण आपापले काम करीत असतो, एकमेकांना निरोप देत असतो व एकमेकांसाठी थांबत असतो. असे दृश्य आधी समजले म्हणजे भाषेचे व्याकरण त्यामागून येते. अगदी लहान उदाहरणात वस्तूंची गरजच भासत नाही, मग विद्यार्थ्याला त्या निरर्थक वाटल्या तर नवल काय? या विचाराने २००२ मध्ये त्यांनी वस्तुकेंद्री पद्धतीच्या सर्वांगीण अध्ययनाचा ‘कूल’ हा प्रकल्प सुरू केला. तेव्हा ते ७५ वर्षांचे होते. पुढे हा प्रकल्प त्यांच्या सहकाऱ्यांना चालवावा लागला.

सन्मान व मृत्यू

सामाजिक जबाबदारीच्या भावनेने संगणकक्षेत्रात केलेल्या कार्याबद्दल १९९० मध्ये न्यूगोर यांना नॉर्बर्ट वीनर पुरस्कार मिळाला. २००० मध्ये नॉर्वेच्या राजाने न्यूगोर व डाल या दोघांना सेंट ओलाव सन्मान दिला. २००१ चा ट्युरिंग पुरस्कार व २००२ चे जॉन फॉन नॉयमन पदकही दोघांना मिळून प्राप्त झाले. सिम्युला ६७ नंतर तोवर साडेतीन दशके उलटली होती.

डाल यांचे २९ जून २००२ रोजी निधन झाले. त्यानंतर सहा आठवड्यांनी, १० ऑगस्ट रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने न्यूगोर यांचा ओस्लो येथे मृत्यू झाला. वस्तुकेंद्री तंत्रज्ञानाच्या संशोधनासाठी युरोपात दोघांच्या नावे डाल-न्यूगोर पुरस्कार दिला जातो. तो प्रथम २००५ मध्ये देण्यात आला. ओस्लो विद्यापीठाच्या दोन इमारतींना या दोघांची नावे आहेत.